कै. कल्याण स्मृती रंगमंदिर

काष्टी, ता. श्रीगोंदा
८ डिसेंबर २०२४

कल्याण,

तू जिवंत आहेस हे मला माहीत आहे. काष्टीहून कुणी तुझ्या सुरतेच्या ऑफिसात फोन करून रडलं असेल, तर मनावर घेऊ नकोस. माणसं चांगली आहेत, त्यांची काही चूक नाही.

फोन का केला नाही असं म्हणशील. तू सुरतेला गेलास त्याच आठवड्यात मी तुझा नंबर ब्लॉक केला, आणि आता तो उघडला तर पहिली माघार माझी ठरेल. पत्राचं तसं नसतं. पत्र कामाचं असू शकतं, आणि हे कामाचंच आहे.

वकिलामार्फत पाठवलेले घटस्फोटाचे कागद पोचले. सही करायच्या जागांवर पेन्सिलीच्या फुल्या आहेत, त्या तुझ्याच असणार. नटांनी कुठे उभं राहायचं तिथेही तू अशाच फुल्या मारायचास. कागदांचं नंतर बघू. आधी तुझ्या मरणाचं सांगते.

कॉलेजात आता प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. योग आणि मोबाईल दुरुस्तीच्या याद्या भरल्या की उरलेली पोरं माझ्याकडे, नेपथ्याला येतात. जाताना तू म्हणाला होतास तसे पडदे टांगायला मी शिकवत नाही. मी जागा बदलायला शिकवते. आत शिरताना माणसाची चाल बदलली की जागा बदलली, हा माझा नियम. भिंत न बांधता आणि रंग न लावता हे करून दाखवायचं, ही यंदाची परीक्षा होती. गृहशास्त्राची मोनिका, कॉमर्सचा रविराज आणि भूगोलाची ज्ञानेश्वरी या तिघांनी कॉलेजसमोरची उसाच्या वजनकाट्याची बंद पडलेली शेड घेतली आणि तिथे दहाव्याचा मंडप करायचं ठरवलं.

काय केला होता म्हणून सांगू. मोनिकाने वर पांढरं कापड इतकं खाली ताणलं की आत येणाऱ्याची मान आपोआप झुकावी. दारात तिने घरातल्या जुन्या चपलांचे जोड मांडून ठेवले, म्हणजे येणारेही तिथेच काढतात. ज्ञानेश्वरीने सतरंज्या अशा अंथरल्या की सकाळचं ऊन पाठीवर यावं आणि थंडीत कुणाला उठावंसं वाटू नये. रविराजने पुढे चार खुर्च्या आणि एक मोकळा माईक ठेवला. 'मॅडम, मोकळा माईक दिसला की पुढारी बसून ऱ्हात न्हाई,' हे त्याचं संशोधन. मागे 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स. फ्लेक्सला फोटो लागतो. पोरांनी आपल्या जुन्या नाटकांच्या पेटीतून एक काढला, तो तुझा निघाला. नाव छापलं नव्हतं. गरजही पडली नाही, यात्रेतल्या नाटकांमुळे तुझा चेहरा इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

काल शनिवार, बाजाराचा दिवस. इथली रीत तुला माहीत आहे. दहाव्याचा मंडप दिसला की माणूस आधी आत येऊन बसतो आणि मग कोण गेलं ते विचारतो. शेळ्या विकायला आलेले लोक शेळ्या बाहेर बांधून आत बसले. मी पोचेपर्यंत शेड भरली होती. तेवढ्यात आमच्या संस्थेचे अध्यक्ष मच्छिंद्रआबा यांची गाडी थांबली. झेडपीच्या निवडणुका कधी लागतील सांगता येत नाही, त्यामुळे आबा सध्या तालुक्यातला एकही दहावा चुकवत नाहीत. त्यांनी चपला काढल्या, मान खाली घातली आणि पाय ओढत तुझ्या फोटोपर्यंत गेले. एरवी हा माणूस वर्गात शिरतो तेव्हा फळा हलतो. फोटोला हात जोडून झाल्यावर ते सरळ माईककडे वळले.

'कल्याणरावांनी ह्या काष्टीच्या पोरांला तोंडाला रंग लावायला शिकवलं. आसा मानूस पुन्हा हुनार न्हाई. त्यांच्या माघारी पंकजाताईंला संस्था वाऱ्यावर सोडनार न्हाई. कॉलेजच्या आवारात कैलासवासी कल्याण स्मृती रंगमंदिर मी सोता उभं करनार, ह्यो माजा शबुद हाय.'

कल्याण, रंगमंदिर. आपण दोघं ज्याच्यासाठी या तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो, ते. तू जिवंत असताना कुणी पत्र्याचा तुकडाही दिला नाही. शेडमध्ये बाया मला धरून रडत होत्या, आणि मी त्यांना काय सांगणार होते?

तर विनंती अशी की भूमिपूजन होईपर्यंत तू कृपा करून मेलेलाच राहा. फेसबुकवर तू सजवलेल्या लग्नमंडपांतले थर्माकोलचे हत्ती टाकू नकोस.

पंकजा

ता. क. पोरांना पैकीच्या पैकी मार्क दिले. न देऊन सांगते कुणाला.


काष्टी
२१ डिसेंबर २०२४

कल्याण,

उत्तर मिळालं. पहिल्या पानावर मला निर्लज्ज म्हटलंस आणि दुसऱ्या पानावर विंगांची मापं विचारलीस. पहिल्या पानाला उत्तर देत नाही.

विंगा दोन्ही बाजूंना आठ फूट. आबांच्या इंजिनिअरने चारच ठेवल्या होत्या. तो मंगल कार्यालयं बांधतो, आणि त्याच्या मते स्टेजवर नवरा-नवरी सोडून कुणाला काम नसतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पोरांनी शेडमध्ये चुन्याने चार फुटांची विंग आखली, तिच्यात एक पलंग, दोन मावळे आणि घाईने फेटा बांधणारा एक म्हातारा उभा केला, आणि साहेबांना पलंग घेऊन स्टेजवर जायला सांगितलं. साहेब फेट्यात अडकले. संध्याकाळी नकाशात आठ फूट झाले. हा धडा आता मी अभ्यासक्रमात घेतला आहे, स्थापत्यवाल्या मुलांसाठी.

स्टेजची उंची साडेतीन फूट हवी, हे तुझं म्हणणं मान्य नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाला नटांच्या हनुवट्या तेवढ्या दिसतात. तीन फूट पुष्कळ झाले. मेलेल्या माणसाने उंचीवरून हट्ट धरू नये.

बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली आणि तिला लागून संडास, हे तू सुचवलंस. मी बाई असून विसरले होते. चांगलं सुचवलंस.

आबांना दर्शनी भागात तुझा अर्धपुतळा हवा आहे. शिल्पकाराने बाजूने काढलेला फोटो मागितला आहे. माझ्याकडचे सगळे समोरून आहेत, कारण कॅमेरा दिसला की तू वळतोस. एक काढून पाठव. मिशी काढली असशील तर वाढेपर्यंत थांब.

कागदांचं तू दुसऱ्यांदा विचारलंस. जरा डोकं चालव. भूमिपूजनाची पहिली कुदळ मारायचा मान मला आहे, आणि तो तुझी बायको म्हणून आहे. आत्ता सही केली तर मी तुझी कुणीच नाही, मग आबा कुदळ माझ्या हातात का देतील? भूमिपूजन १८ जानेवारीला, शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सह्या करून स्पीड पोस्टाने पाठवते. शब्द देते. मग तू सुरतेत मोकळा आणि मी माझ्या रंगमंदिरात.

बाकी ठीक. गाव फार सांभाळून घेतं. भाजीवाली मागे लागून कोथिंबीर देते. टिकली लावायची की नाही याचा निर्णय मला रोज सकाळी करावा लागतो. लावते. बाया एकमेकींकडे बघतात आणि 'शिकलेली हाय' म्हणून सोडून देतात.

पंकजा


काष्टी
४ जानेवारी २०२५

कल्याण,

तुझ्या आई आल्या आहेत. बातमी जामखेडला इतक्या उशिरा कशी पोचली याचंच मला नवल आहे. एसटीतून उतरून तडक घरी आल्या आणि पिशवी खाली न ठेवता दारातच म्हणाल्या, 'काल माझं लेकरू माझ्यासंगं फोनवर बोललंय. जेवलो म्हनला. आन हितं तू त्याचा दहावा उरकून बसलीस?'

मी म्हटलं, 'आई, तो अभ्यासक्रमाचा भाग होता.'

'मंग तुज्या बापाचा फोटू लावायचा.'

मी चहा टाकला. चहा होईपर्यंत आई भिंतीवरचा रंगमंदिराचा नकाशा बघत होत्या. तुझं नाव कुठे येणार, केवढ्या अक्षरात येणार, लांबच्या रस्त्यावरून दिसेल का, असं सगळं विचारलं. मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, 'तसं बी दोन वरीस घराकडं फिरकला न्हाई. मला मेल्यावानीच हाय. बांधू दे.'

तेव्हापासून त्या आमच्यात आहेत. किराणा दुकानात गेल्या की पदर डोळ्याला लावतात, आणि घरी आल्या की किती बाया रडल्या ते सांगतात. इतकी चांगली नटी आपल्याला एकाही नाटकाला मिळाली नव्हती. त्यांची एकच तक्रार आहे की पौषात भूमिपूजन कुणी करत नाही. आबांचं म्हणणं, आचारसंहिता लागली की पौष काय आणि माघ काय.

आता एक अप्रिय गोष्ट. आईंनी मोनिकाला लाडू खाऊ घालून तिच्याकडून सगळं काढून घेतलं आहे. त्या तुला सांगणारच, म्हणून मीच लिहिते. तो फोटो पोरांनी पेटीतून काढला नव्हता. मोनिकाने फोटो मागितला आणि मी घरून आणून दिला. माझ्या कपाटात होता, साड्यांच्या खाली. आणि मी उशिरा पोचले नव्हते. सतरंज्या घालायच्या आधीपासून तिथेच होते.

तुझे कागद आदल्या दिवशी आले होते. सुरतेचं काम तू मला न विचारता घेतलंस, इथली नोकरी मी तुला न विचारता कायम करून घेतली, इथवर फिटंफाट होती. पण फुल्या मारलेले कागद पाहिले आणि माझं डोकं फिरलं. वाटलं, घालूनच टाकू याचा दहावा, निदान पोरांना मार्क मिळतील.

मग ती माणसं बोलायला लागली. शेळ्यांच्या बाजारातला एक म्हातारा उठून म्हणाला की यात्रेतल्या नाटकात तू त्याच्या तोतऱ्या मुलाला एकही वाक्य नसलेल्या राजाचं काम दिलंस. 'त्या दिसापासून पोरगं मान वर करून चालतंय,' म्हणाला. हे मला ठाऊक नव्हतं. तो राजा मुका का आहे, यावरून मी तुझ्याशी भांडले होते आणि तेव्हाही तू काही सांगितलं नाहीस. मी तिथे रागाने बसले होते, पण तो राग काही शेवटपर्यंत टिकला नाही, आणि मला ते आवडलेलं नाही.

भूमिपूजनाच्या मंडपाचा आराखडा मिळाला. मी कुठे उभं राहायचं तिथे फुली मारली आहेस. राहीन. पण साडी कुठली नेसायची हे मी विचारलं नव्हतं. बाजूने काढलेला फोटोही पोचला. बारीक झाला आहेस. तिथे तुला जेवायला नीट मिळत नसेल तर शिल्पकाराला गाल थोडे भरायला सांगते.

आई तुझ्याशी बोलून झालं की फोन माझ्याकडे करतात. मी तेव्हा भाजी परतत असते. गॅस बारीक करता आला असता, हे मला कळतं.

१९ तारखेचा शब्द लक्षात आहे.

पंकजा


काष्टी
१९ जानेवारी २०२५

कल्याण,

रंगमंदिर गेलं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं नीट वाचशील.

पोरांची काही चूक नाही. त्यांनी काल माझी मान उंच केली. मैदानावर जिथे प्रेक्षागृह होणार होतं तिथे त्यांनी नुसत्या सुतळ्या बांधून भिंती दाखवल्या होत्या आणि एका ठिकाणी दाराएवढी जागा सोडली होती. बाजारातली माणसं सुतळी ओलांडून न येता वळसा घालून त्या दारातूनच आत येत होती. आबाही दारातून आले. आत आल्यावर लोक हळू बोलत होते. स्टेजच्या जागी खुणेचे चार दगड होते, तिथे चप्पल घालून कुणी गेलं नाही. मला वाटलं, तू असतास तर आता काहीतरी खोड काढली असतीस, आणि मग आपण भांडलो असतो.

रविराजने मैदानाच्या चारी कोपऱ्यांना कर्णे लावले होते. आबांचं भाषण झालं. मग मला बोलावलं. मी तुझ्या फुलीवर जाऊन उभी राहिले. भाषण पाठ होतं, आईंनी घरी चार वेळा म्हणवून घेतलं होतं. 'माझे पती' इथपर्यंत आले आणि पुढचा 'कैलासवासी' काही तोंडातून बाहेर पडेना. घरी पडत होता. नाटकात तर मी किती जणांना मारलं आहे. पण त्या सुतळ्यांच्या मध्ये उभं राहून तेवढा एक शब्द मला म्हणता येईना. पहिल्या रांगेतून आई म्हणाल्या, 'म्हन की गं.' रविराजला वाटलं माईक बंद पडला, तो येऊन टकटक करून गेला. मग मी बोलले. काय बोलले ते शेवटी लिहिते.

माझं बोलून झालं. तेवढ्यात आबा उठले. या माणसाला मी मानलं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, 'कल्याणराव जित्ते हायेत ह्याच्यापरीस आनंदाची बातमी दुसरी न्हाई. त्यांला उदंड आयुष्य लाभो. आता जित्त्या मानसाच्या नावानं इमारत बांधायची आपल्या संस्थेत पद्धत न्हाई.' आणि त्याच जागेवर, त्याच नारळाने, त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाच्या व्यायामशाळेचं भूमिपूजन उरकून घेतलं. गुरुजींनी संकल्पात नाव तेवढं बदललं.

बायांचं म्हणणं पडलं की टिकली बघून त्यांना वाटलंच होतं. तो शेळ्यांचा म्हातारा मात्र माझ्यावर नाराज आहे. त्या दिवशी तो खरंच रडला होता. त्याच्या घरी जाऊन यावं लागेल, आणि एकटी गेले तर तो दार उघडायचा नाही.

संध्याकाळी आबांनी ऑफिसात बोलावलं. मी राजीनाम्याची तयारी करून गेले होते. ते म्हणाले, 'ताई, उभ्या तालुक्यात तुमी मला येडं ठरवलं. पर एक सांगा. त्या शेडमदी माजी मान आपसूक खाली कशी गेली?' मी मोनिकाचं खाली ताणलेलं कापड, चपला, ऊन, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. 'झेडपीला प्रचाराचं हापिस आसं करता यील का, की मानूस आत आला की त्यानं हात जोडलंच पायजेत?' मी म्हटलं, पुढच्या सत्रात शिकवीन. विषय चालू राहील, आणि वजनकाट्याची शेड आम्हाला वापरायला मिळाली आहे. अट एकच, पुन्हा दहावा करायचा नाही. त्या शेडमध्ये विंगा निघत नाहीत. तू येऊन बघितलंस तर कदाचित काढशील.

आई माझ्याशी बोलत नाहीत. 'भिंती तरी वर येऊ द्याच्या हुत्या, मंग बोलायचं हुतं,' एवढं म्हणून त्यांनी भाकऱ्या थापल्या आणि मला पहिली वाढली. तुलाही फोनवर काही सांगायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. तुझं नाव मोठ्या अक्षरांत लागायचं राहिलं याचं त्यांना दुःख आहे. मलाही आहे. आठ फुटांच्या विंगा होत्या रे.

कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. शब्द मोडला, काय म्हणायचं ते म्हण.

तर, मी बोलले ते असं. 'माझा नवरा मेलेला नाही. तो सुरतेत आहे. तिथे तो लग्नांचे मंडप सजवतो, आणि चांगलेच सजवत असणार. त्याने माझ्याकडे सुटकेचे कागद पाठवले आहेत. मला ते नको आहेत. मला तो इथे हवा आहे.'

कर्ण्यांची तोंडं चारी दिशांना होती. कांद्याच्या टेम्पोंपाशी, शेळ्यांच्या बाजारात, एसटी स्टँडवर, सगळीकडे स्वच्छ ऐकू गेलं म्हणे. काष्टीत आता हे माहीत नसलेलं कुणी नाही. तू तेवढा राहिलास, म्हणून लिहिते आहे.

पंकजा